एका डोळ्याचा कंद

वास आधी धाकटीला आला. ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती आणि मागच्या खोलीत ताईने लोखंडी पेटी उघडली होती. सडक्या बटाट्याचा असावा तसा, पण त्याहून गोडसर वास भिंतीच्या कडेकडेने आत आला आणि धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं.

"ताई, काय सडलंय गं तिकडे?"

"कुठे काय? मला नाही येत कसला वास," ताई आतून म्हणाली.

धाकटी गेली तेव्हा ताई जमिनीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ग्लॅडिओलसचे तेरा कंद. ताई एकेक कंद उचलून वर्तमानपत्रावर ठेवत होती, आणि ठेवता ठेवता तो बोटाखाली दबत होता. बारा तसेच गेले. तेरावा तेवढा टणक लागला. त्याच्याही बुडाशी नखाएवढा तपकिरी डाग होता.

"एक राहिला," ताई म्हणाली. तोंडावर काही नाही. इस्पितळात चाळीस वर्षं काढलेल्या बाईचं तोंड ते, सहजासहजी वाचता यायचं नाही.

ग्लॅडिओलस पुष्कळांनी पाहिलेला असतो, नाव ठाऊक नसतं इतकंच. तलवारीच्या पात्यांसारखी उभी पानं, मधून सरळसोट दांडा, आणि दांड्याच्या एकाच अंगाला खालून वर उमलत जाणारी फुलं. उन्हाचं भारी वेड त्याला. सावलीत लावला तर नुसता ताणत, वाकत जातो आणि फुलायचं नाव घेत नाही. बाजारात सतरा रंगांचे मिळतात. पण ताईकडचा रंग बाजारात नव्हता. काळ्याकडे झुकलेला लाल, आणि गळ्याशी एक पांढरी रेघ, कुणी चुन्याचं बोट लावावं तशी. दोघी बहिणींचे वडील इस्पितळाच्या बागेत माळी होते. दोन झाडांचा संकर करून, बी धरून, वर्षानुवर्षं वाट पाहून त्यांनी तो रंग आणला होता. बाह्यरुग्ण विभागासमोर, दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीशी, त्याची एक रांग होती. त्याच इस्पितळात ताई पुढे ड्रेसर म्हणून, जखमा बांधायच्या कामावर, लागली.

वडील गेले ते तिच्याच वॉर्डात. शेवटच्या दिवसांत त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. दर थोड्या वेळाने विचारायचे, "कंद काढलेस का गं?" फुलं होऊन गेली, पानं पिवळी पडली, की कंद जमिनीतून काढून सुकवावे लागतात, नाहीतर ओल त्यांना खाते. ताईने काढले नव्हते. तीन पाळ्या ओळीने करत होती, काढणार कधी? तरी ती म्हणाली, "काढले, बाबा." वडील बरं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर आठवडाभर पाऊस लागला आणि ती अख्खी रांग जमिनीतच कुजली. घरी डब्यात ठेवलेले सात कंद तेवढे वाचले. ही गोष्ट ताईने आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला सांगितली होती. ती धाकटीला.

त्या सातांपासून ताईने दरवर्षी कंद वाढवले आणि ओळखीपाळखीच्यांना वाटले. कुणाला दिलेला परत आला नाही. कुणाचा उंदराने नेला, कुणाचा कुंडीत बुडाला, कुणी घर बदलताना विसरलं. म्हणजे वर्तमानपत्रावर पडला होता तो एक गेला, की तो रंग जगातून गेला.

"यंदा पिशवीत कसे ठेवलेस?" धाकटीने विचारलं. "दरवर्षी सोलून, साफ करून जाळीत टांगतेस."

"राहिलं," ताई म्हणाली.

ताईने राहू दिलेलं काही धाकटीने आजवर पाहिलं नव्हतं.

गल्लीत ताईला सगळे पट्टीबाई म्हणत. निवृत्त होऊन धाकटीकडे राहायला आली तरी नाव मागोमाग आलंच. कुणाचं बोट कापलं, कुणाचा गुडघा फुटला, की दारात हाक यायची. धाकटीच्या घरच्या मागच्या खोलीत तिचा संसार मांडलेला होता. एक खाट, एक लोखंडी पेटी, मुतखड्याच्या चित्रात मूत्रपिंड काढतात तसा वाकडा स्टीलचा ट्रे, दोन चिमटे, कात्री. चिमट्याने कापूस उचलून जखमेच्या मधून बाहेर, मधून बाहेर असा फिरवायची. उलटा कधी नाही. आणि जखम पाहण्याआधी तिला वास समजायचा. वॉर्डाच्या दारात उभी राहून ती सांगायची, खिडकीकडच्या कॉटवरचा पाय बिघडतोय. डॉक्टर मागून यायचे आणि तेच म्हणायचे.

आता तिने तोच ट्रे उकळून घेतला. तेरावा कंद त्यात ठेवला. डाग खरवडला, वरून औषधाच्या पाण्यात भिजवून पिळलेला गॉज घडी करून ठेवला, त्यावर कोरडा गॉज, वर पट्टी. सकाळी आठ आणि दुपारी चार, दोन वेळा ड्रेसिंग. खोलीच्या दाराशी उभं राहून तिने जाहीर केलं, "याला कुणी हात लावायचा नाही."

धाकटीचा नवरा छापखान्यात कंपोझिंगला होता. बारीक अक्षरांत आयुष्य गेल्यामुळे घरी आला की त्याला मोठ्याने बोलायला आवडे. त्या दिवशी चपला काढता काढता तो म्हणाला, "काय ताई, पेशंट कसा आहे? भेटायची वेळ किती ते किती?"

"तुम्हाला कधीच नाही. तुम्ही पेशंटला हसवता, टाके उसवतात."

"बरं. मग मोसंबी बाहेरच ठेवतो."

ताई हसली. धाकटी हसली नाही. ताईच्या हातातल्या कपबशीकडे तिचं लक्ष होतं. कप बशीवर किणकिणत होता, अगदी बारीक, दूरवर कुणी सायकलची घंटी वाजवत जावं तसा. ताईने कप खाली ठेवला आणि उजवा हात पदराखाली घेतला.

तिसऱ्या दिवशी धाकटी झाडू मारायला मागच्या खोलीत गेली. ट्रेच्या कडेला पाण्याचे मणी जमले होते. पंचवीस वर्षं तिने या घरात कांदे, बटाटे, सुरण साठवले होते. कापलेला सुरणाचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळला तर काय होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"ताई, एक बोलू? हे उघडं ठेवावं का जरा? वाऱ्यावर?"

"जखम कोरडी पडली की भरत नाही," ताई म्हणाली. "नवी कातडी ओलीतच धरते. भाजलेल्या माणसाला मी वाऱ्यावर ठेवलं असतं, तर झालंच असतं त्याचं."

"पण हा माणूस नाही ना."

"जीव आहे ना? तू तुझे कांदे निवड."

धाकटी कांदे निवडायला गेली. लहानपणापासून हेच चालत आलं होतं. औषध, जखम, ताप, यांतलं काही निघालं की शेवटचा शब्द ताईचा. आईला बरं नव्हतं तेव्हा ताईचाच होता, आणि बरोबर होता. धाकटीच्या मुलीला डांग्या खोकला झाला तेव्हाही. त्यामुळे विरोधात बोलायला तिची जीभ रेटत नसे. संध्याकाळी देवापुढे बसली तेव्हा रोजची प्रार्थना तिच्या ओठांवर अर्ध्यात थांबली. देवाकडे मागायचं काय? ताईचं खरं होऊ दे म्हणावं तर कंद जाणार, आणि कंद वाचू दे म्हणावं तर ताई खोटी पडणार. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तुला दिसतंय ना. मग झालं."

पाचव्या दिवशी ताई तपासणीसाठी म्हणून बाहेर गेली. कसली तपासणी ते सांगितलं नाही. घरात धाकटी एकटी. दुपारचं ऊन मागच्या जिन्यावर आलं होतं. ती खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. वास होता. औषधाच्या वासाखाली दबलेला, पण तोच, गोडसर. कुणी हात लावायचा नाही. आजवर ताईचा शब्द तिने मोडला नव्हता. तिने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले, आणि पट्टीचं टोक उचललं.

कंदाला तीन डोळे होते. बटाट्याला असतात तसे, जिथून कोंब फुटतो ते. डाग बुडाकडून वर चढला होता. एक डोळा पूर्ण काळा. दुसऱ्याच्या भोवती तपकिरी कडं. तिसरा, टोकाकडचा, अजून पांढुरका होता. धाकटीने पट्टी होती तशी ठेवली आणि बाहेर येऊन डाळ निवडत बसली. डाळीत एक खडा नव्हता, तरी ती तासभर निवडत राहिली.

ताई चारला आली. हातपाय धुतले, ट्रेपाशी गेली. मग आतून आवाज आला, मोठा नाही, वॉर्डातला.

"पट्टी कुणी उघडली?"

धाकटीच्या मांडीवरचं ताट कलंडता कलंडता राहिलं. "तुला कसं कळलं?"

"माझी घडी डावीवर उजवी असते. ही उजवीवर डावी आहे. कुणी उघडली?"

"मी."

"मी काय सांगितलं होतं?"

"हात लावायचा नाही म्हणून."

"मग?"

"वास येत होता ताई."

धाकटीला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ताईने पट्टी सोडली, ओला गॉज चिमट्याने उचलला आणि नाकाशी नेला. डोळे मिटून श्वास घेतला. पुन्हा घेतला. चिमटा तिच्या हातात थरथरत होता आणि आता ती तो लपवत नव्हती.

"कसला?" तिने विचारलं. "कसला वास येतोय? नीट सांग."

"गोड. सडका. त्या दिवशी पिशवीतून आला तोच. तू म्हणालीस, येत नाही."

"मला आजही येत नाही," ताई म्हणाली आणि खाटेवर बसली.

धाकटी जवळ गेली, पण बसू की नको कळेना म्हणून उभीच राहिली. ताईने उजवा हात मांडीवर उघडा ठेवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जणू चिमटीत मीठ घेऊन ती भुरभुरत होती.

"कधीपासून?"

"हात वर्षभर. नाकाचं मला माहीतच नव्हतं. आज डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तोच. हाताचं दाखवायला गेले आणि ते म्हणाले, वास येतो का. मी म्हटलं, मला? अहो, मला दारातून वास कळतो. तर म्हणे, या कंपवातात हाताआधी नाक जातं." तिने बोटं मुठीत आवळली. "कंद सोलता येत नव्हते गं. साल निसटायची. म्हणून पिशवीत कोंबले. म्हटलं नंतर करू."

"मला सांगायचं."

"काय सांगायचं? पट्टीबाईचा हात हलतो म्हणून?"

संध्याकाळी नवरा आला तो काहीतरी विनोद ओठांवर घेऊनच. दारातूनच दोघींचे चेहरे पाहून त्याने तो गिळला आणि मुकाट्याने चपला जागेवर लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं गेलं. ताईने नवं पातं काढलं, ज्योतीवर धरलं, गार होऊ दिलं. कंद उजेडात ठेवला. पातं घेऊन हात पुढे नेला आणि टोक कंदावर टेकलं मात्र, ते घसरून फडक्यावर गेलं. पांढऱ्या डोळ्यापासून एका दाण्याच्या अंतरावरून गेलं. नवऱ्याने तोंडावर हात ठेवला. ताईने पातं उलटं केलं आणि मूठ धाकटीकडे धरली.

"तू काप."

"मी? अगं, माझ्याच्याने..."

"रोज भाजी चिरतेस ना? चिरताना हात हलतो का?"

"भाजी मेली तर मेली."

"हाही मरेल. नाही कापलास तर नक्की मरेल. ये, उजेडाकडे तोंड कर. श्वास सोडताना कापायचं, घेताना नाही. आणि दोनदा फिरवायचं नाही. एकदाच, आरपार."

धाकटीने मनात देवाचं नाव घेतलं आणि काळ्या डोळ्याचा भाग उडवला. कापलेली बाजू वर केली. दुधी गरात तपकिरी रेघा होत्या, लाकडात असाव्यात तशा.

"अजून," ताई म्हणाली.

दुसरा काप. आता दुसरा डोळा गेला. धाकटीला तो पडताना पाहवला नाही. गरात अजून एक रेघ होती, केसासारखी, तिसऱ्या डोळ्याकडे निघालेली.

"इथे थांबू या का?" नवरा कुजबुजला. "एवढीशी तर आहे."

"एवढीशी ठेवली म्हणून पाय मांडीपर्यंत गेलेले पाहिलेत मी. अजून."

"ताई, डोळ्याला लागेल. आणि बुडाची चकती पण थोडी राहायला हवी ना, मुळं तिथूनच येतात. तूच सांगायचीस."

"हवी. दोन्ही हवं. डोळा आणि चकती, मधला गर. तिरकं घे. माझ्याकडे बघू नकोस, कंदाकडे बघ."

धाकटीने पातं तिरकं धरलं. बोटं, का कोण जाणे, शांत होती. श्वास सोडला. पातं गेलं. ताईने वाकून पाहिलं, डोळ्यांवरचा चष्मा वर सारून पाहिलं, मग भिंग आणून पाहिलं.

"वास घे," ती म्हणाली.

धाकटीने तुकडा नाकाशी नेला. "काही नाही. कच्च्या बटाट्यासारखा."

"नक्की?"

"नक्की."

राहिला होता तो तुकडा सुपारीच्या खांडाएवढा. एक डोळा, बोटभरही नाही इतकी चकती. गंधकाची पूड लावून ताईने सवयीने गॉजकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"तू सांग," ती धाकटीला म्हणाली. "कांद्याचं काय करतेस?"

"पिठाच्या चाळणीत. सावलीला, खिडकीत. वारा लागेल असं."

"मग तसं कर. मी नाही मध्ये पडत."

चार दिवसांत काप चामड्यासारखा सुकला. कुंडीत अर्धी वाळू घातली, चार बोटं खोल खड्डा केला, डोळा वर करून तुकडा ठेवला. प्रश्न उन्हाचा होता. घराला ऊन येई ते मागच्या लोखंडी जिन्यावर, आणि तेही एका जागी राहत नसे. नवाला वरच्या पायरीवर, अकराला मधल्या, दोनला अगदी खालच्या. कुंडी उन्हामागोमाग उतरवावी लागणार होती, आणि उतरवणार मीच, असं ताईने ठरवून टाकलं. एवढं तरी मला येतं, म्हणे. रोज तीन वेळा धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. ताई कुंडी छातीशी धरून पायरी पायरी उतरते आहे, कुंडीची बशी किणकिणते आहे. दूध उतू गेलं तरी धाकटीला कळायचं नाही. एकदा कुंडी कठड्यावर आपटली आणि खापरी उडाली. धाकटी दारापर्यंत धावली, पण बाहेर पडली नाही. ताईने टेकून श्वास घेतला आणि पुढची पायरी उतरली.

पंधरा दिवस गेले. वीस गेले. माती जशीच्या तशी. नवऱ्याने एकदा कुंडीला कान लावून "पेशंट झोपलाय" असं सांगितलं आणि दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आंघोळीला निघून गेला. बाविसाव्या दिवशी धाकटी कपडे वाळत घालायला आली तर ताई जिन्यावर बसलेली, हातात चमचा, चमच्याचं टोक मातीत.

"काय करतेस?"

"नुसतं बघते. वरची माती जरा बाजूला करून. आत सडला असेल तर उगीच वाट कशाला बघायची?"

"चमचा दे."

"अगं, जरासं..."

"पट्टी उघडायची नाही," धाकटी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "कुणी हात लावायचा नाही. दे इकडे."

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग चमचा तिच्या हातात देत म्हणाली, "वॉर्डात नर्सा मला काय शिव्या घालत असतील ते आज कळलं."

सव्विसाव्या दिवशी सकाळी मातीला तडा होता. दुपारी तड्यातून हिरवं टोक आलं, सुईसारखं. ताई दोन पायऱ्या वर बसून त्याच्याकडे बघत होती. धाकटीला हाक मारली नाही, नुसती सरकून बसली, शेजारी जागा करून दिली. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्यापासून कुंडी तू उतरव. आता पडली तर मला सोसायचं नाही."

दांडा आला नाही. एवढ्याशा तुकड्यात फुलाचा जोर कुठून यायचा? चारच पानं आली, पण आली ती ताठ, आणि धाकटीने त्यांना रोज जिन्याने उन्हाबरोबर खाली नेलं. मधल्या काळात ताईच्या गोळ्या सुरू झाल्या. हात थोडा थांबला, नाक काही परत आलं नाही. गल्लीतलं कुणी बोट कापून घेऊन आलं, की ताई खुर्चीवर बसून सांगे आणि धाकटी बांधे. मधून बाहेर, मधून बाहेर.

पानं टोकाकडून पिवळी होत बुडापर्यंत आली, तेव्हा एका स्वच्छ सकाळी दोघींनी फडकं अंथरून कुंडी आडवी केली. ताईची नजर मातीवरून हलत नव्हती. वर कितीही हिरवं असलं तरी खाली काय आहे हे काढल्याशिवाय कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक. धाकटीने बोटांनी माती फोडली. आधी मुळांचा गुंता आला. मग तो लावलेला तुकडा, सुकून बटणासारखा झालेला, काम संपलेला. आणि त्याच्यावर बसलेला नवा कंद, लिंबाएवढा, गुलाबी सालीचा. भोवती ज्वारीच्या दाण्यांएवढी पिल्लं, मुळांना धरून.

"हात लाव," धाकटी म्हणाली.

ताईने लावला. टणक होता. तरी ती थांबली.

"वास घे."

धाकटीने कंद उलटा केला, बुडाला नाक लावलं, नीट, दोनदा.

"मातीचा येतोय. कोरड्या मातीचा."

ताईने मान हलवली. पेटीतून पुठ्ठ्याचं लेबल काढलं, पेशंटच्या मनगटाला बांधायचे तसलं, दोऱ्यासकट. पेन घेतलं. धाकटीने लिहून द्यायला हात पुढे केला, पण ताईने नाही म्हटलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून तिने सावकाश तारीख घातली, आणि तिच्याखाली एकच शब्द लिहिला. अक्षरं जिना उतरल्यासारखी खाली खाली गेली होती, पण वाचता येत होती.

"काढले."

मग कंद चाळणीत ठेवून तिने चाळणी धाकटीकडे दिली, खिडकीत ठेवायला.